रज्जाक सरांचं बारदान

अन्याय झाला तो अश्विनीवर. अकरावीच्या विषयबदलाचा शेवटचा दिवस, शनिवार, दुपारचे पावणेचार. त्या वेळेला तिनं एका अर्जाखाली शेहेचाळिसावी सही केली आणि तिच्या हातचं गणित गेलं. त्याच सहीनं रज्जाक सरांची नोकरीही गेली, पण ते आम्हाला कळायला पुढचा आठवडा उजाडला.

अन्याय कुणी केला हे छापताना मी आजवर हात आखडता घेतलेला नाही. वसतिगृहाच्या वॉर्डनपासून तालुक्याच्या साहेबांपर्यंत सगळ्यांची नावं मी पत्रकांत घेतली आहेत. मग इथंच का लाजायचं? तो अर्ज मी लिहिला होता. वर्गात फिरवलाही मीच. अश्विनीनं सही केली ते पेनसुद्धा माझं होतं.

शेख रज्जाक सर आमच्या ज्युनिअर कॉलेजात सायन्सच्या पोरांना गणित शिकवायचे. कॉलेज वडवणी तालुक्यातलं, विनाअनुदानित. नाव लिहीत नाही, कारण असं एक कॉलेज तुमच्याही तालुक्यात आहे आणि तुम्ही उगाच सुटका झाल्यासारखं वाटून घ्याल. विनाअनुदानित म्हणजे सोप्या भाषेत असं, की वर्गात पोरं बसली आहेत तोवर मास्तर उभा आहे. पोरं उठली की मास्तरही उठला.

सर बुटके. चालताना खांदे पुढे, जणू समोरून कायम वारं येतंय. शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, पेन्सिल असायची, तीही बोटभर उरलेली. कुठलाही फॉर्म आधी झेरॉक्सवर पेन्सिलनं भरायचा, तो सरांना दाखवायचा, मग खऱ्या फॉर्मला हात लावायचा. एकानं थेट पेननं भरून आणला तर सरांनी तो वाचलाच नाही. म्हणाले, "पेननं लिहिलेलं मी वाचून काय करू बे? ते आता सरकारनं वाचायचं."

पण सरांची खरी ओळख म्हणजे त्यांचं बारदान.

त्यांचे वडील तलवाड्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. जळालेली मोटार आली की म्हातारा जमिनीवर बारदान अंथरायचा आणि मोटार खोलताना निघेल तो नट, निघेल ती रिंग, त्या बारदानावर डावीकडून उजवीकडं ओळीनं मांडत जायचा. जोडताना उलटं, उजवीकडून उचलत यायचं. ओळ मोडली तर म्हातारा जेवायला उठायचा नाही. लहानपणी या बारदानाची राखण सरांकडं असायची. कोंबडी फिरकू द्यायची नाही, एवढंच काम. पुढं सर एमएस्सी झाले, बीएड झाले, पण डोकं त्या बारदानावरच राहिलं.

अकरावीचे प्रवेश झाले की पहिल्या आठवड्यात सर व्हरांड्यात तसलंच बारदान अंथरायचे. खरंखुरं, साखरेच्या पोत्याचं, कडेनं उसवलेलं. आणि खिशातून पुठ्ठ्याचे तुकडे काढायचे. एकेका तुकड्यावर एकेक गोष्ट लिहिलेली. कॉलेजप्रवेश. कागदांची तपासणी. सीईटी. बारावीचा निकाल. बोर्डाचा फॉर्म. जातीची पडताळणी. उत्पन्नाचा दाखला. अकरावीचे विषय. सर या तुकड्यांना पुर्जे म्हणायचे. प्रत्येक पोरानं उकिडवं बसून आपले पुर्जे शेवटापासून मांडायचे. आधी कुठं पोचायचंय तो पुर्जा उजव्या टोकाला, मग त्याच्या आधी काय लागतं, त्याच्याही आधी काय लागतं, असं मागं सरकत सरकत आजच्या दिवसापर्यंत यायचं.

आमच्या वेळेस पहिला नंबर बाळूचा लागला.

"शेवटी कुठं बसायचंय तुला?" सरांनी विचारलं.

"खुर्चीत, सर."

पोरं हसली. सर हसले नाहीत. "कुठल्या खुर्चीत बे? दाताच्या डॉक्टरकडं बी खुर्ची असती. बसणारा रडत असतो."

"ठरलं न्हाई अजून."

"मंग दोन्ही ठेव. गणित बी ठेव, जीवशास्त्र बी ठेव. ठरलं की एक सोड. सोडायला एक मिनिट लागतं. सोडलेलं परत घ्यायला लई दारं वाजवावी लागत्यात."

हे सर वर्षातून पन्नास वेळा म्हणायचे. आम्हाला पाठ झालं होतं. पाठ झालेलं कुणी ऐकत नाही.

आठवडी बाजारात तर सरांचा धाकच होता. हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन ते पालक हुडकत फिरायचे. कुणी बाप कांदे निवडत बसलेला दिसला की शेजारी बसायचे, दोन कांदे आपणही निवडून त्याच्या पाटीत टाकायचे आणि विचारायचे, "पोरीच्या पडताळणीचं काय झालं?" तो म्हणायचा, "करतो सर, सुगी होऊ द्या." सर म्हणायचे, "सुगी दरसाल येती. पोरगी बारावीला एकदाच येती. उद्या तहसीलला या, मी दहा वाजता पायरीवर बसतो." आणि खरंच बसायचे. सर मिरच्यांच्या ओळीत दिसले की लोक एकमेकांना सांगायचे, "गुळाच्या बाजूनं चल, रज्जाक सर आल्यात." माझे वडील एकदा भेंडी न घेताच घरी आले होते.

आता सरांची दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर हे व्यक्तिचित्र नसून हार घातलेला फोटो होईल.

सर हट्टी होते. पुर्जे मांडताना प्रश्न आम्हाला विचारायचे, पण उत्तर त्यांचं ठरलेलं असायचं. गणित सोडतो म्हणून कुणी अर्ज मागायला गेला, की ते कोरे अर्ज कपाटात असायचे आणि कपाटाची चावी घरी राहिलेली असायची. दुसऱ्या दिवशी गेलो तरी घरीच. शेवटची तारीख उलटली की चावी सापडायची. थंडीत सकाळी सातला जादा तास. सहा किलोमीटर सायकल मारून आलेल्या पोराची बोटं खडूसारखी पांढरी पडलेली, आणि सर फळ्याकडं तोंड करून विचारताहेत, "समजलं का?" न समजलेला कोण तोंड उघडणार?

मला समजत नव्हतं. बारावीला गणितात मला बावीस गुण पडले. आमच्या वर्षी अठ्ठावन्नातले नऊ जण गणितात गेले, त्यातला एक मी. त्या दिवशी सर घरी आले. आईनं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाले, "पुरवणी परीक्षा हाय. उद्यापास्नं ये." मी राग धरून गेलो आणि राग धरूनच एकेचाळीस गुणांनी पास झालो. मग बीडला बीएला प्रवेश घेतला, आमच्या विद्यार्थी संघटनेत शिरलो, पत्रकं लिहायला शिकलो. वाक्य लहान पाहिजे. शत्रू एकच पाहिजे. आकडा मोठा पाहिजे. हे तीन नियम मला शिकवले गेले आणि मी पहिला शत्रू निवडला तो रज्जाक सर.

त्याला निमित्तही मिळालं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं. आमच्यासारख्यांना कुठलाही प्राचार्य उगाच चहा पाजत नसतो. ते म्हणाले, "तुम्ही तरुणांनी आवाज उठवला पाहिजे. गरिबाची लेकरं गणितात अडकताहेत. भूगोल घेतला तर सुखानं पास होतील. मी बोललो तर रज्जाकभाईंना वाईट वाटेल." त्यांच्या मागं भिंतीला एक फ्लेक्स गुंडाळून उभा होता. त्यावर मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के निकाल' एवढं वाचता येत होतं. वर्ष टाकायचं बाकी होतं.

सर आणि प्राचार्यांचं हे भांडण जुनं होतं. एकदा स्टाफरूमच्या दारातून आम्ही ते ऐकलं होतं. प्राचार्य म्हणत होते, दरसाल सात-आठ नापास तुमच्या एका विषयामुळं. सरांचा आवाज शांत होता. "साहेब, नापास झालेलं पोरगं परत बसतं. विषयच न्हाई त्यानं कुठं बसायचं?" तेव्हा मी ते ऐकलं आणि मित्राला म्हणालो, बघ, नापास करायची हौस कशी आहे. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, नाहीतर तो मी आज गिळला असता.

पत्रक लिहिलं. 'गणिताची सक्ती म्हणजे गरिबाची गळचेपी!' त्यात लिहिलं की पंचवीस टक्के विद्यार्थ्यांचं भवितव्य एका माणसाच्या हट्टापायी उद्ध्वस्त झालं. सकाळी गेटवर वाटायला उभा राहिलो. सर सायकलवरून उतरले, स्टँड लावला, माझ्याकडून एक पत्रक मागून घेतलं आणि तिथंच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. मग खिशातली पेन्सिल काढली. मला वाटलं फाडतील, ओरडतील. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो.

"अठ्ठावन्नातले नऊ म्हंजे साडेपंधरा टक्के होत्यात, पत्रकवाले," ते म्हणाले. त्यांनी पंचवीसवर रेघ मारून साडेपंधरा केलं आणि कागद मला परत दिला. "राग खरा हाय तुजा. आकडा बी खरा लिही."

मी ते पत्रक चुरगळून खिशात घातलं आणि उरलेली पंचवीसवालीच वाटली.

शनिवारी विषयबदलाचा शेवटचा दिवस. सगळ्या अकरावीला गणिताऐवजी भूगोल द्या, असा अर्ज मी लिहून आणला होता. अकरावीत त्या साली शेहेचाळीस मुलं. साडेतीनपर्यंत पंचेचाळीस सह्या झाल्या. त्यातली निम्मी पोरं 'कशाची सही' हे न विचारता करत होती, कारण पुढच्यानं केली होती. एक राहिली. अश्विनी.

अश्विनीचे वडील वडवणी ते बीड जीप चालवतात. पोरगी जीपच्या बोनेटवर वही ठेवून गणितं सोडवायची, हे स्टँडवरच्या सगळ्यांना माहीत. ती व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती.

"सही कर," मी म्हणालो.

"मला गणित आवडतं, गणेशदादा."

"तुझी आवड मोठी की पंचेचाळीस जणांचा प्रश्न मोठा?"

"त्यांचा प्रश्न सुटला ना? मग माझी कावून पाहिजे?"

कारण खरं होतं आणि मी ते तिला सांगितलंही. एक जरी मुलगी राहिली तर वर्ग चालू ठेवावा लागेल, सर जिंकतील. तिनं पेन घेतलं नाही. मग मी ते वाक्य बोललो जे आम्ही सभेत वापरतो. "सगळे एकीकडं आणि तू एकटी मास्तरच्या बाजूला? उद्या वर्गात कुणी बोलेल का तुझ्याशी?" मागं उभ्या असलेल्या पोरींनी माना हलवल्या. अश्विनीनं पेन घेतलं. सही करताना तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, बोर्डाच्या फॉर्मवर लिहितात तसं सुटं सुटं.

सर वर्गातून बाहेर आले. त्यांनी अर्ज पाहिला, शेवटची सही पाहिली. मग पॅंटच्या खिशात हात घालून कपाटाची चावी काढली आणि माझ्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. एवढ्या वर्षांत ती चावी घरी राहिलेली नव्हतीच.

"घ्या," म्हणाले. बे म्हणाले नाहीत. एकेरीतही बोलले नाहीत.

आम्ही घोषणा दिल्या. पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी सरांना कळवलं की अकरावीला गणिताचा एकही विद्यार्थी नसल्यामुळं आपल्या तासिका शिल्लक राहत नाहीत. बारावीची उरलेली बॅच संपेपर्यंत या. त्या उन्हाळ्यात तेही संपलं. माझ्या संघटनेनं माझा सत्कार केला.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. अश्विनीनं मला नंतर सांगितलं आणि ती बाई शब्द वाढवून सांगणारी नाही.

सरांनी तिला सोडलं नाही. सकाळी सहा ते आठ त्यांच्या भाड्याच्या खोलीत ती एकटी विद्यार्थिनी. भाभी चहा ठेवायच्या आणि दारात तांदूळ निवडत बसायच्या, कारण पोरगी एकटी आहे, गावाला तोंड आहे. सरांनी तिच्यापुढं पुन्हा बारदान मांडलं. उजव्या टोकाला इंजिनिअरिंगचं सरकारी कॉलेज. मागं येता येता एका जागी अडलं. 'अकरावीचे विषय' या पुर्ज्यावर आता भूगोल लिहिलेलं. सर म्हणाले, बारावीच्या सुरुवातीला परवानगी घेऊन विषय बदलता येतो. अर्ज लागतो. प्राचार्यांची सही-शिक्का लागतो.

त्या वर्षी ईदला प्राचार्य सरांच्या घरी आले. दरसाल यायचे, नोकरी गेल्यावरही आले, हे मान्य करायला पाहिजे. अश्विनी आणि तिची आई तिथंच होत्या. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन प्राचार्य म्हणाले, "रज्जाकभाई, काळजी करू नका. या पोरीचा विषय मी बारावीला बदलून देतो. माझा शब्द." सर उठून दुसरी वाटी भरायला आत गेले.

आता बघा. जो माणूस उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्ससुद्धा शिक्का असल्याशिवाय घ्यायचा नाही, ज्यानं आख्ख्या तालुक्याच्या पोरांना 'तोंडी न्हाई, लेखी आण' म्हणून पिडलं, त्या माणसानं त्या दिवशी कागद मागितला नाही. ईदच्या दिवशी, दस्तरखानावर बसलेल्या पाहुण्याला, ज्याच्या हातात आपल्या घरची वाटी आहे, त्याला 'लिहून द्या' कसं म्हणायचं? पुढं जूनमध्ये सर दोनदा कॉलेजात गेले. दोन्ही वेळा प्राचार्य म्हणाले, "दिलाय ना शब्द?" पुन्हा विचारणं म्हणजे शब्दावर संशय. सर परत आले. ही चूक सरांनी केली. दुसऱ्या कुणाला ती सुचलीही नसती, कारण दुसऱ्या कुणाच्या मनात पाहुण्याला एवढी जागाच नसती.

जानेवारीत हॉल तिकीट आलं. भूगोल.

सर ते हॉल तिकीट घेऊन ऑफिसात गेले. तिथला क्लार्क सरांचाच विद्यार्थी. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, अर्ज आलेलाच न्हाई."

"शब्द दिलता."

"तुमीच शिकवलं ना सर आमाला? कागद दाखवा."

अश्विनी म्हणते, सर त्यावर "बरोबर हाय" एवढंच म्हणाले आणि त्या क्लार्कच्या पाठीवर थाप मारली.

तिनं बोर्डाला भूगोल लिहिला. सीईटीचा फॉर्म मात्र आधीच गणिताचा भरला होता, तो सरांनी बदलू दिला नाही. "दे तू. तपासणीच्या टेबलामागं माणूस असतो. माणसाशी बोलता येतं." तिनं दिली. गणितात तिला आमच्या तालुक्यात कुणी ऐकले नसतील इतके गुण पडले.

मग बीडचं कागदतपासणी केंद्र. इथं मी होतो. बाहेर आमच्या संघटनेचं मदत टेबल लावलं होतं, वर आमचा बॅनर. निकालानंतरची गर्दी. सर आणि अश्विनी रांगेत उभे दिसले. सरांच्या हातात पिशवी. मी मान फिरवली नाही, पण हाकही मारली नाही. पाणी प्यायचं निमित्त करून मी आत गेलो आणि तिसऱ्या टेबलाजवळ थांबलो.

टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. त्यानं सीईटीचे गुण पाहिले आणि भुवया वर केल्या. मग बारावीची गुणपत्रिका पाहिली, उलटली, परत सुलटी केली.

"ताई, सीईटीत एवढं गणित आणि बोर्डात गणितच नाही?"

सरांनी सांगितलं. सगळं नाही. माझं नाव घेतलं नाही, प्राचार्यांचंही नाही. "विषय बदलायचा राहिला, साहेब. पोरीला येतं. तुमी आता इथं फळ्यावर विचारा."

तो माणूस खरंच हळहळला. "सर, मला दिसतंय तिला येतं. पण नियमात बसत नाही. गुणपत्रिकेवर विषय पाहिजे."

"बरोबर हाय तुमचं," सर म्हणाले.

त्यांनी भांडावं असं मला वाटत होतं. मी असतो तर टेबल उलथलं असतं. पण सरांनी आयुष्यभर पोरांना हेच सांगितलं होतं की शेवटच्या टेबलावर भांडण नसतं, ते आधीच्या टेबलांवर जिंकायचं असतं.

बाहेर आल्यावर लिंबाखाली त्यांनी पिशवीतून बारदान काढलं. भर दुपारी, एवढ्या गर्दीत, ते अंथरलं आणि एकेक पुर्जा मांडायला लागले. उजवीकडून. प्रवेश. तपासणी. सीईटी. निकाल. अश्विनी उभी होती. लोक वळसा घालून जात होते. विषयांच्या पुर्ज्याशी सर थांबले आणि त्यांनी त्याच्या शेजारची मोकळी जागा बोटानं दाबली.

"इथला पुर्जा माझ्याकडनं राहिला, बेटा. कागद घ्यायला पाहिजे होता."

"राहू द्या, सर."

"न्हाई. तू बरोबर मांडलं हुतंस. राहिला तो माझ्याकडनं."

मीही बाहेर आलो होतो, दहा पावलांवर. माझ्या टेबलावरून ते सगळं ऐकू येत होतं. सर, तो पुर्जा मी उचलला होता, शनिवारी, पावणेचारला, असं म्हणायला दहा पावलं चालायची होती. तेवढ्यात एका पोरानं विचारलं, "दादा, फॉर्म इथं मिळतो का?" आणि मी त्याला पत्रक दिलं.

एक विषय घेऊन बोर्डाला परत बसता येतं. सरांनी तिच्या घरी जाऊन ते सांगितलं. जीप पुसता पुसता वडील म्हणाले, "एक साल थांबायचं? पोरगा असता तर थांबलो असतो, सर, खोटं कशाला बोलू?" परत बसायची सोय मला मिळाली होती, मी बावीस गुणांचा. तिला नाही मिळाली. ती आता बीएस्सी करते आणि दुपारनंतर वडवणीच्या बसस्टँडसमोर एका ऑनलाइन सेंटरवर इतरांचे सीईटीचे फॉर्म भरते. आलेल्या पोराला आधी विचारते, "शेवटी कुठं बसायचंय?" मग गुणपत्रिका मागते.

सर तलवाड्याला गेले, भावाच्या वाइंडिंगच्या दुकानात. या उन्हाळ्यात मी तिथं गेलो. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. सर खाली बसून हातयंत्रावर तांब्याची तार गुंडाळत होते आणि वेढे मोजत होते. मला पाहिलं, पण मोजणी थांबवता येत नव्हती. थांबली की पहिल्यापासून करावं लागतं. "एक्काहत्तर, बाहत्तर..." त्यांनी मानेनं बाकड्याकडं खूण केली. मी बसलो. समोर बारदानावर एक मोटार खोलून पसरलेली. प्रत्येक नट जागेवर. कडेला एक कोंबडी घिरट्या घालत होती, ती मी हाकलली. तेवढ्यावर सर मोजता मोजता हसले.

वेढे पुरे झाले. तारेला गाठ मारून त्यांनी हात पुसले. "कावून आलास बे, पत्रकवाले?"

ते 'बे' परत आलं होतं. मी सगळं बोललो. चहा, फ्लेक्स, पंचवीस टक्के, अश्विनीला बोललेलं ते वाक्य, लिंबाखालची दहा पावलं. शेवटी म्हणालो, "सर, माझं चुकलं. माफ करा."

सरांनी तारेची गाठ एकदा ओढून पाहिली. मग म्हणाले, "तोंडी नको. तोंडी घेऊनच बसलो ना मी? लेखी दे. माझं नाव नगं त्याच्यात मोठं करूस. पोरीचं लिही. अन् खाली अर्ज जोड."

"कसला अर्ज, सर?"

"अकरावीचं गणित परत चालू करायचा. आणखी कसला?"

त्यांनी खिशातून बोटभर पेन्सिल काढून माझ्या हातात ठेवली आणि दुसरी तार यंत्राला लावली. मी शेडबाहेर आलो तेव्हा मागून मोजणी सुरू झाली होती. एक. दोन. तीन. मी वळून पाहिलं. सरांचे खांदे पुढं झुकलेले, आणि ती कोंबडी परत बारदानापाशी आलेली. पायानं ती हाकलत ते मोजत राहिले.

सर, तुम्ही म्हणालात तसं हे लेखी. नाव मोठं करू नको म्हणालात, ते जमलं नाही. आकडे मात्र तपासून घेतले आहेत. अर्ज अश्विनीनंच टाइप केला. टाइप करताना म्हणाली, "या वेळेस सही करायला कुणाला भीती घालू नका, दादा." एवढं बोलून तिनं प्रिंट काढली.

त्या शनिवारी सही केलेल्या पंचेचाळीस जणांनो, तुम्हाला सांगतो. अर्ज तिच्या सेंटरवर ठेवला आहे. खाली सत्तेचाळीस ओळी आखल्या आहेत. पहिल्या ओळीवर, जिथं त्या दिवशी माझं नाव नव्हतं, तिथं आता आहे, पेननं. शेवटची ओळ अश्विनीची, ती कोरी राहिली तरी चालेल. तिनं एकदा केली आहे. मधल्या तुमच्या. कशाची सही आहे हे आधी वाचा, मग करा.

आणि तुम्ही त्यांच्यापैकी नसाल, तर उद्या सकाळी तुमच्या गावच्या कॉलेजात जा. अकरावीला गणित शिकवायला कोण आहे, एवढंच विचारा. प्राचार्य चहा देतील. तो पिऊ नका. उत्तर कागदावर घ्या, खाली शिक्का मारून घ्या, आणि तोवर तिथून उठू नका.